पिलाचं खेळणं आणि आईचे पाय

कंपनीतून घरी आले तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि फरशीवर लाल ठिपके दिसले. पलंगापासून स्वयंपाकघराकडं गेलेले, मधे पुसटलेले, पुढं पुन्हा ठळक. आई ओट्याशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. तिच्या मांडीवर आमचं मांजराचं पिल्लू गाढ झोपलं होतं.

"आई, पाय दाखव."

"कामून? काय झालं?"

"आधी दाखव."

तिनं साडी जरा वर घेतली. उजव्या घोट्याखाली लांब ओरखडा होता. रक्त वाळून चपलेच्या पट्ट्याला चिकटलं होतं. ओरखड्याशेजारी बारीक दातांच्या खुणा. आई वाकून बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी.

"मला तं काहीच कळलं न्हाई," ती म्हणाली.

तिला कळणार नव्हतंच, आणि सगळी भीती तीच होती. आईला साखरेचा आजार फार वर्षांपासूनचा. पायाच्या नसा बधिर झालेल्या. आदल्या वर्षी चपलेत एक बारीक खडा गेला आणि ती दिवसभर त्याच्यावर चालली. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा जखम दिसली. पुढं ती चिघळली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या पायाला साधं नख लागलं तरी घरी औषध करत बसू नका, सरळ माझ्याकडं या.

मी नळाखाली साबणानं जखम धूत राहिले. पिल्लू खाली उतरून पाण्याच्या धारेकडं बघत होतं, एकदा त्यानं धारेवर पंजाही मारला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला उचलून मोरीबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग खाली गल्लीत जाऊन रिक्षा आणली.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पट्टी बांधली, पुढच्या इंजेक्शनांच्या वेळा सांगितल्या. पिलावर लक्ष ठेवा म्हणाले. ते आजारी पडलं, विचित्र वागायला लागलं, तर लगेच कळवायचं. मग त्यांनी आईकडं पाहिलं.

"मांजर पाळायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

आई साडी नीट करून उठली. परत येताना रिक्षात ती बाहेरच बघत होती.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो, ठोक दुकानांच्या मागच्या एका अरुंद गल्लीत. घरात आई आणि मी, दोघीच. मी बियाण्यांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कुटुंब राहतं, त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्या घरातल्या बाईंना मी लहानपणापासून खाला म्हणते. त्यांच्या माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांमागं मांजर व्यालं होतं. ती मांजर गल्लीत माल उतरवायला आलेल्या टेम्पोखाली गेली. पिलांतलं एकच जगलं. खालांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून ते जगवलं, आणि जरा चालायला लागलं तसं आईनं मागून घेतलं.

मी तेव्हा नको म्हटलं नाही, त्याला कारण होतं. करंगळी काढल्यापासून आईनं पलंग धरला होता. डॉक्टर म्हणत, घरातल्या घरात थोडं चाला, पायात रक्त फिरलं पाहिजे. आई म्हणायची, कुठं जायचंय मला चालून? तिचा पायांवरच विश्वास राहिला नव्हता. भिंत धरल्याशिवाय ती मोरीपर्यंतही जात नसे. पिल्लू आलं आणि ती उठायला लागली. त्याला दूध ठेवायला उठायची, कपाटामागं कुठं अडकलं का ते बघायला उठायची, कुंडीतली माती उकरतंय म्हणून हाकलायला उठायची. महिनाभरात तिची भिंत सुटत आली होती.

आणि नेमकी तीच चालणारी पावलं पिल्लू धरायला लागलं. खुर्चीखाली दबा धरायचं, आई पुढून गेली की झेप घ्यायचं, पुढच्या पायांनी घोटा कवटाळायचं आणि मागच्या पायांनी लाथा मारत चावायचं. आधी आम्ही दोघी हसायचो. नखं तोवर कापसासारखी होती. ती कधी टणक झाली ते आमच्या ध्यानात आलं नाही.

त्या रात्री पुण्याहून भावाचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"ते मांजर आजच्या आज बाहेर काढ," तो म्हणाला.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "मी देणार न्हाई."

"आई, एक बोट गेलंय तुझं. आता काय पाय घालवायचाय का?"

"पाय माझा हाये."

"आणि धावपळ कुणाची होते? ताईचीच ना? रविवारी मी येतो. कुंभार पिंपळगावला माझ्या मित्राचं शेत आहे, गोदामात उंदीर आहेत. तिथं नेऊन सोडतो त्याला."

"येवढंसं पिल्लू. कुत्रे ठेवतील का त्याला?"

तो काहीतरी बोलत होता, पण आईनं फोन ठेवून दिला. मग माझ्याकडं पाहिलं. मी भावाच्या बाजूची होते आणि ते तिला दिसत होतं.

"तो बरोबर बोलतोय," मी म्हणाले.

"बराबर बोलतो. पण मला एक सांग, तू दिवसभर घरात नसतीस. या घरात माझ्या पायाशिवाय हलतं काय? त्यानं खेळावं कशाशी? रविवारपर्यंत टाइम हाये ना? मंग त्याला दुसरं काहीतरी खेळायला आण."

मी घरभर नजर फिरवली. पलंग, कपाट, टीव्ही, दोन खुर्च्या, देव्हारा. तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या घरात दिवसभर हलणाऱ्या वस्तू म्हणजे पंखा आणि आईचे पाय.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी बाजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानात शिरले. दुकानदारानं विचारलं, मूल केवढं आहे? मी म्हटलं, मांजराचं आहे. त्यानं चेहऱ्यावरची रेषाही न हलवता आत घुंगरू असलेला प्लास्टिकचा चेंडू काढला, किल्लीवर चालणारा उंदीर काढला. मी उंदराचे डोळे नखानं ओढून बघितले, निघून पोटात जाऊ नयेत म्हणून. दोन्ही वस्तू घेतल्या आणि कुठं न थांबता घरी आले.

उंदराला किल्ली देऊन सोडला. तो घरघरत सरळ पिलाच्या अंगावर गेला. पिलाचे केस उभे राहिले आणि ते कपाटाखाली जे गेलं ते जेवणं होईपर्यंत बाहेर आलं नाही. चेंडू मात्र त्याला आवडला. घुंगरू वाजवत ते खोलीभर पळलं. मला वाटलं, झालं काम.

चेंडूचा दोष मला दुसऱ्या दिवशी कळला. संध्याकाळी घरी आले तर खाला आमच्याच घरात बसलेल्या आणि आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेली. चेंडू पलंगाखाली गेला होता. पिल्लू त्याच्यासाठी ओरडायला लागलं म्हणून आई फरशीवर बसली, काठीनं चेंडू ओढू लागली, आणि मग तिला उठता येईना. किती वेळ बसली होती तिलाही सांगता येत नव्हतं. खालांना पिलाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला म्हणून त्या आल्या.

"मी म्हटलं भाभी झोपल्या असतील," खाला म्हणाल्या. "पण पिल्लू बिलकुल गप बसंना. मंग आले बघायला. बाई, पाय असा मुडपून बसलेल्या, पट्टी सगळी खाली दबलेली."

मी पट्टी बघितली. वरून कोरडी होती. आत काय झालं असेल ते कळायला मार्ग नव्हता. मी चेंडू उचलून कपाटाच्या वर टाकला. आई भिंतीकडंच तोंड करून म्हणाली, "त्याला सांगू नको." म्हणजे भावाला. मी सांगितलं नाही.

मग मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पिलाला कापडी पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आमच्या पुढं एक म्हशीचं वगारू होतं. पिशवीतून पिल्लू त्याच्याकडं डोळे वटारून बघत होतं. तिथल्या डॉक्टरांनी पिलाचं तोंड उघडून पाहिलं, लस दिली, आणि माझी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"याची भावंडं मेली ना?" ते म्हणाले. "पिलं एकमेकांना चावतात, एखादं जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ सोडतं. त्यातून कळतं त्यांना, किती जोर लावायचा ते. याला ते शिकवणारं कुणी नव्हतं."

"मग आता?"

"आता हातापायाशी खेळू द्यायचं नाही, अजिबात. खेळणं तुमच्यापासून लांब पाहिजे. त्याच्या अंगावर येणारं नको, त्याच्यापासून पळणारं पाहिजे. तोंडात मावेल इतकं बारीक नको. दोरा, लोकर तर घरात मोकळी ठेवूच नका, गिळली तर आतडी कापते. आणि त्याला मिठी मारून लाथा झाडायला त्याच्याएवढं काहीतरी द्या, आता ते तुमच्या आईच्या पायाला जे करतं ते करायला. खेळ झाला की लगेच खायला घाला. पोट भरलं की झोपेल."

"रविवारपर्यंत सुधारेल का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मांजर आहे हो. ते तारीख बघत नाही."

येताना बसस्टँडबाहेरच्या एका हातगाडीवर किल्ल्यांना लावायचा छोटा लाल दिवा दिसला. बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडायचा. मला वाटलं, डॉक्टर म्हणाले ते हेच. पळणारं, लांबचं, गिळता न येणारं. आईला वाकायला नको, उठायला नको.

आणि खरंच, पिल्लू त्या ठिपक्यामागं वेडं झालं. भिंतीवर उड्या मारायला लागलं, पडद्यावर चढलं. आई पलंगावर बसून ठिपका नाचवत होती आणि हसत होती. मी चहा टाकायला आत गेले. हात पुसायचं ओलं फडकं माझ्या खांद्यावर होतं. चहाला उकळी यायची होती, तेवढ्यात बाहेरचं हसणं बंद झालं.

मी दारात आले. आईचा हात थरथरतो, औषधांमुळं असेल किंवा वयानं. ठिपका भिंतीवरून खाली घसरून फरशीवरून तिच्याच पायाच्या पट्टीवर येऊन थांबला होता. पिल्लू पुढच्या दोन पायांवर दबा धरून बसलं होतं. त्याचा मागचा भाग हलत होता. उडी घेण्याआधी ते असं करतं, हे आता मला पाठ झालं होतं.

"आई, हलू नको. बटण सोड."

तिनं घाबरून बटण आणखीच घट्ट दाबलं. ठिपका पट्टीवर थरथरत राहिला. पिलानं झेप घेतली आणि पट्टीला मिठी मारली. नखं कापडात अडकली. आईनं पाय झटकला असता तर पट्टीसकट जखम ओढली गेली असती, पण ती तशीच बसून राहिली, ओठ दाबून. मी पिलाला धरायला गेले असते तर त्यानं आणखी घट्ट धरलं असतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी खांद्यावरचं फडकं ओढलं आणि पिलाच्या पलीकडं फरशीवर फेकलं. ते ओलं असल्यामुळं सरपटत आतल्या खोलीच्या दारातून पलीकडं गेलं.

पिलानं मान वळवली. नखं सोडली. आणि फडक्यामागं पळालं.

मी दार ओढून त्याला आतल्या खोलीत बंद केलं. पट्टीचे धागे निघाले होते, पण ती सुटली नव्हती, रक्त नव्हतं. आतून चहा उतू गेल्याचा वास आला. मी जाऊन गॅस बंद केला. आईच्या हातातला दिवा अजून लागलेलाच होता, मी तो काढून घेतला.

ती म्हणाली, "त्याला कापड आवडलं."

तिथून आम्ही कापडाकडं वळलो. आईचं म्हणणं, माझा जुना मोजा घे, त्यात चिंध्या भर. मी म्हटलं, मोजा नको. त्याला तुझ्या पायाचा वास येणार. पाय म्हणजे शिकार, हे आपणच त्याला शिकवायचं का? ती चिडली. म्हणाली, तुला सगळ्यातच खोट दिसते. मी म्हटलं, मला खोट दिसत नाही, मला तुझं ऑपरेशन दिसतं. मग तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

खालांनी त्यांच्या मशीनवर खेळणं शिवून दिलं. दुकानातलं जाड पडद्याचं कापड, आत ठासून चिंध्या, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. "बटण न्हाई, लेस न्हाई, काही न्हाई," त्या म्हणाल्या. "दोनदा टीप मारलीय. शेर आला तरी फाटणार न्हाई." त्यांनी दोन शिवली होती. एक काठीही केली. मच्छरदाणीचा एक लांब बांबू मोकळा पडला होता, त्याच्या टोकाला रुंद कापडाचा मोठा गठ्ठा गच्च बांधला. खेळ झाला की काठी कपाटाच्या वर, हा नियम मी आईकडून वदवून घेतला.

आई पाय स्टुलावर घेऊन बसायची आणि गठ्ठा फरशीवरून हळूहळू ओढत दाराच्या कोपऱ्याआड न्यायची. तिला त्यातलं लवकरच जमलं. नुसतं हलवून उपयोग नाही हे तिनंच मला सांगितलं. पळवायचं, थांबायचं, लपवायचं. गठ्ठा दिसेनासा झाला की पिल्लू जीव टाकायचं. पकडला की शिवलेलं मोठं खेळणं त्याच्यापुढं टाकायचं, त्याला मिठी मारून ते लाथा झाडायचं. मग वाटीत खाणं. मग झोप. झोपेत असलं की आई घरात चालायची.

पण ते काही सारखं झोपत नव्हतं. शुक्रवारी मी प्रयोगशाळेत असताना आईचा फोन आला. "घाबरू नकोस," ती म्हणाली, आणि काय झालंय ते सांगितलं.

ती खोलीत भिंतीला टेकून उभी होती. पिल्लू तिच्या साडीच्या काठाला लटकलं होतं. खेळणं पलंगावर, काठी कपाटावर. ती हलत नव्हती, कारण हलली की ते खाली पायाला धरणार.

"खालाला हाक मार ना."

"मारली. त्या घरी न्हाईत वाटतं."

"मी निघते."

"तू येईपर्यंत मी काय इथंच उभी राहू? तू फोन चालू ठेव फक्त."

मी फोन कानाला लावून कंपनीच्या व्हरांड्यात उभी राहिले. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मधेच ती पिलाशी काहीतरी बोलायची, समजावल्यासारखं. मग एकदम चपलांचा आवाज, आणि खालांचा, "या अल्ला, हे काय करून राह्यलंय." खालांनी खेळणं उचलून लांब फेकलं असावं, कारण आई म्हणाली, "सुटलं." फोन बंद झाला.

त्या दिवसापासून ती चालताना एक खेळणं कमरेला खोचून ठेवू लागली.

शनिवारी पट्टी उघडली. जखमेची कड लाल होती आणि भोवती थोडी सूज. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं, आईला काही कळत नव्हतंच. "परवा या," ते म्हणाले. "लाली वाढली तर दाखल करावं लागेल." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "उद्या तो येणार हाये. हे त्याला सांगशील का?" मी म्हटलं, तो स्वतःच बघेल.

रविवारी भाऊ सकाळीच आला. काखेत पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, बरोबर सुतळी. खोकं खाली ठेवून आईच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"सूज आहे," तो म्हणाला.

"बस. च्या घे."

"चहा नंतर. कुठंय ते?"

पिल्लू खुर्चीखाली होतं. आई पलंगावरून उठली. मी तिला धरायला पुढं झाले तर तिनं हातानंच मला थांबवलं. ती स्वयंपाकघराकडं निघाली, भिंत न धरता. खुर्चीखाली पिलाची शेपटी फरशीवर आपटायला लागली. भाऊ पुढं सरकला, मी त्याचा दंड धरला. खुर्चीच्या अलीकडं आईनं कमरेचं खेळणं काढलं आणि फरशीवरून लांब सरकवलं. पिल्लू तिच्या पायांजवळून, अगदी पट्टीला घासून गेल्यासारखं सुटलं आणि खेळण्यावर जाऊन आदळलं. त्याच्या लाथा सुरू झाल्या. आई आत गेली, तांब्या भरून घेतला, परत आली आणि भावाच्या हातात पाणी दिलं.

ऑपरेशननंतर भावानं तिला आधाराशिवाय चालताना बघितलंच नव्हतं. तो पाणी न पिता तांब्या धरून उभा होता.

"एकदा झालं," तो शेवटी म्हणाला. "रोज असंच होईल कशावरून?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. शुक्रवारची गोष्ट तिघांतल्या दोघींना माहीत होती.

आम्ही असे उभे असताना पिलानं खेळणं सोडलं. त्याला नवी वस्तू दिसली होती. ते खोक्याभोवती फिरलं, वास घेतला, आणि आपणहून उडी मारून आत जाऊन बसलं. भाऊ खाली बसला. त्याचा हात खोक्याच्या झाकणावर होता. पकडायची गरजच उरली नव्हती, नुसतं झाकण लावून सुतळी बांधायची होती. मी आईकडं बघितलं. तिनं पलंगाची कड धरली आणि बसली.

खोक्याच्या भोकातून एक पंजा बाहेर आला, हवेत चाचपडला आणि आत गेला. पुन्हा बाहेर आला. भावानं झाकणावरचा हात काढला आणि भोकाजवळ बोट नेलं.

"हात नको," आई म्हणाली. "काठी घे."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग उठला आणि कपाटावरची काठी काढली.

दुपारभर तो फरशीवर बसून होता. आई पलंगावरून त्याला सांगत होती, असं न्हाई, पळव, आता थांबव, लपव. त्यालाही घाम फुटला. संध्याकाळी निघताना तो दारात थांबून म्हणाला, "उद्या डॉक्टर काय म्हणतात ते बघू. दाखल करा म्हणाले तर ते पिल्लू या घरात राहणार नाही. तेव्हा मला नाही म्हणायचं नाही."

"बराबर हाये," आई म्हणाली. तिनं वाद घातला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सोमवारी डॉक्टरांनी पट्टी सोडायला सुरुवात केली तेव्हा मी खिडकीकडं बघत होते. पट्टीचा शेवटचा पदर चिकटला होता, त्यांनी त्यावर औषध सोडलं. आईनं माझं मनगट धरलं.

"लाली उतरलीय," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे अजून. पण उतरलीय." मग त्यांनी पाय उचलून तळवा बघितला, बोटांमधल्या जागा बघितल्या. "चालता का?"

"चालते," आई म्हणाली. "घरातल्या घरात."

"चाला. पण दर आठवड्याला मला पाय दिसला पाहिजे." मांजराचं त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही.

जखम भरायला पुढं बरेच आठवडे गेले. मधे एकदा पुन्हा पाणी सुटलं, पुन्हा औषधं बदलली. पिलानं साडी आणखी एकदा धरली, पाय धरला नाही. मी खात्री देत नाही, आईही देत नाही.

त्या सोमवारी रिक्षात बसल्या बसल्या तिला झोप लागली. कितीतरी रात्री ती नीट झोपली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी एका हातानं भावाला फोन लावला आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "आईला फोन दे."

"झोपलीय."

"मग राहू दे," तो म्हणाला. "उठवू नको."